पाळकसाहेब, क्यूआर कोड आणि रात्री पावणेबाराचा मेसेज



ज्यांनी भाग ऐकला नाही आणि थेट वाचायलाच आलात, त्यांच्यासाठी एवढंच, की बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत आणि मागे येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात. बाकी तसंच आहे.

मी दर वेळी सुरुवातीला "मंडळी" म्हणतो तेव्हा आमच्या चर्चची पोरं हसतात. कारण आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं. इमारत नाही, माणसं. आणि त्या मंडळीचा जो धर्मगुरू, तो पाळक. मेंढपाळ या शब्दातलाच पाळ. लहानपणापासून घरात ऐकलेला शब्द, त्यामुळे पाळक नक्की करतो काय, याचा मी पंचविशी ओलांडेपर्यंत विचारच केला नव्हता. रविवारी उपदेश करतात, लग्न लावतात, माती देतात. संपलं.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तरुणसंघाचा सेक्रेटरी आहे, वय असेल बावीस-तेवीस. म्हणाला, "दादा, आमच्या चर्चमध्ये दोन गट पडलेत. निम्मे म्हणतात पाळक बदला, निम्मे म्हणतात कमिटी बदला. दोन्हीकडून मला फोन येतात. मी काय करू?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण त्याला उत्तर देण्याआधी मला माझीच एक चूक सांगावी लागणार होती. ती आज सांगतो. पण त्याआधी थोडी माहिती, नाहीतर भांडण कशावरून होतं हे कळणारच नाही.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. साधारण 140 घरं. आमच्याकडचं मराठी ख्रिस्तीपण जुनं आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले 1813 मध्ये, नगरला काम सुरू झालं 1831 मध्ये, आणि 'ज्ञानोदय' हे मासिक तिथूनच 1842 मध्ये निघालं. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ज्याला आपण सीएनआय म्हणतो. अँग्लिकन वेगळे, बाप्टिस्ट वेगळे, ब्रेदरन वेगळे, असे सगळे एका छताखाली. सगळ्यांच्या सवयी मात्र आपापल्या. कुठे बिशपच्या शब्दाला वजन, कुठे मंडळीच्या सभेला. छप्पर एक झालं म्हणून भिंती एका रात्रीत पडत नाहीत.

आता रचना बघा. वर बिशप आणि डायसिस, म्हणजे धर्मप्रांत. खाली पास्टोरेट, म्हणजे आमच्यासारखी मंडळी. पाळक डायसिस नेमतं आणि काही वर्षांनी बदली करतं. पास्टोरेट कमिटी मात्र मंडळी निवडते. जुनी माणसं अजून तिला पंच म्हणतात. म्हणजे पाळक येतो वरून, पंच येतात खालून, आणि महिन्यातून एकदा एकाच टेबलाभोवती बसतात. अध्यक्ष कोण? पाळक. ज्याला गावात येऊन आठ महिने झालेत, ज्याला अजून कोण कोणाचा साडू हे माहीत नाही, तो. आणि समोर बसलेत ते लोक ज्यांच्या पणजोबांनी त्या चर्चच्या पायाचे दगड वाहिलेत.

माझ्या मते, आपल्याकडच्या मंडळ्यांमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ या टेबलाशी आहे. लोक म्हणतात पाळक हेकेखोर आहे, किंवा पंच राजकारणी आहेत. असतीलही. पण चांगली माणसं बसवली तरी हे टेबल थोडं डगमगणारच. एकाला बदली होणार हे माहीत असतं, म्हणून तो घाई करतो. दुसऱ्याला माहीत असतं की हा जाणार, म्हणून तो वाट बघतो.

पैशाचंही असंच. सुरुवातीला पाळकाचा पगार मिशन द्यायचं. अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, नगरलाही आले. त्यांचं म्हणणं होतं की मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा. बोलायला सोपं. दुष्काळी भागातल्या शेतमजुरांच्या मंडळीने पाळकाचा खर्च कुठून भागवायचा? तो प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. टिळकांच्या कविता आपण गातो, पण पगार सोडणारे टिळक आपल्याला फारसे आठवत नाहीत. पगार कोण देतं यावर पाळकाची जीभ किती मोकळी राहते हे ठरतं, असं मला वाटतं. आजही ज्याच्या घरून मोठं अर्पण येतं, त्याच्या मुलाच्या दारूबद्दल उपदेशात बोलायची हिंमत किती पाळकांना होईल, सांगा.

आता माझी गोष्ट.

2019 मध्ये मी सव्वीस वर्षांचा होतो. पिंपरीत नोकरी, शनिवारी रात्री एसटीने गावी, रविवारी उपासना, संध्याकाळी परत. तरुणसंघाच्या जोरावर पास्टोरेट कमिटीत निवडून आलो. सगळ्यात तरुण पंच. फार शहाणा होतो तेव्हा. एक्सेल येत होतं ना.

पहिल्याच मीटिंगमध्ये कळलं की मंडळीचं बँक खातं जवळजवळ बंद आहे. सह्या तिघांच्या नावावर, त्यातल्या दोघांच्या सह्या लागणार. एक ट्रस्टी वारलेले. दुसरे पुण्याला मुलीकडे, अंथरुणाला खिळलेले. राहिले एक. एका सहीवर बँक पैसे देत नाही, आणि बरोबरच आहे.

मग सह्या बदला ना, मी म्हणालो. इथे जरा कायदा समजून घ्या, कारण देऊळ असो, तुमच्या गावची तालीम असो, सगळ्यांना तो लागू आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट 1950 च्या कायद्याखाली येतात. आधी त्याचं नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम होतं, आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. ट्रस्टी बदलला, वारला, नवीन आला, की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवायचं. त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात, कलम 22. तो मंजूर झाला की शेड्यूल वनच्या उताऱ्यावर नवीन नावं चढतात, आणि बँक त्या उताऱ्यावर विश्वास ठेवते. दरवर्षी ऑडिट वेगळं. आणि जमीन विकायची असेल, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची असेल, तर कलम 36 खाली आधी परवानगी. पंचांनी ठराव केला, बिशपांनी सही केली, एवढ्याने होत नाही. गुजरातमधल्या ब्रेदरन चर्चच्या मालमत्तेचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. 2013 चा निकाल आहे. कोर्टाने सांगितलं की सीएनआयमध्ये विलीन होण्याचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप तिकडे जात नाही, ट्रस्टचा कायदा पाळावाच लागतो.

आमच्याकडे काय झालं होतं? 2011 मध्ये निवडणूक झाली, चेंज रिपोर्ट दिला, आणि हरलेल्या गटाने हरकत घेतली. हरकत आली की ते प्रकरण खटल्यासारखं चालतं. तारीख, तारीख, वकील बदलला, पुन्हा तारीख. त्या मधल्या काळात तीन पाळक येऊन गेले. प्रत्येकाला वाटलं, हे माझ्या आधीचं लफडं आहे, मी कशाला हात घालू. आठ वर्षं कागदावर मेलेली माणसं आमची मंडळी चालवत होती.

मार्च 2020. लॉकडाऊन. चर्च बंद, अर्पणाची पिशवी बंद. पाळकसाहेब मोबाइल स्टँडला लावून उपासना करायला लागले. त्यांच्या दहावीतल्या मुलीने कॅमेरा धरला. अर्पण कसं घ्यायचं? क्यूआर कोड. पण ट्रस्टच्या खात्याचा कोड निघणार कसा, खातंच चालत नव्हतं. तेव्हा आमचे खजिनदार काका, एसटीतून रिटायर झालेले, म्हणाले, "माझ्या खात्यावर घ्या. मी वहीत लिहून ठेवतो." सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरपर्यंत कुजबुज सुरू झाली. पैसे येतात किती, जातात कुठे. मी पिंपरीत खोलीवर बसून वैतागलो होतो, पगारात कपात झालेली. एका शनिवारी रात्री पावणेबारा वाजता मी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: लॉकडाऊनमध्ये आलेल्या अर्पणाचा हिशोब कुठे आहे? क्यूआर कोणाच्या नावावर आहे हे मंडळीला कळेल का?

ग्रुपवर 212 माणसं. पहिल्या वीस मिनिटांत साठेक उत्तरं. 2011 ची निवडणूक निघाली, कोणाच्या आज्याने चर्चची चिंच तोडली ते निघालं. एकाने पाळकीणबाईंच्या नव्या साडीचा फोटो टाकला, नाताळ आधीच्या वर्षीचा होता तो. रात्री दोनपर्यंत चाललं. मी झोपून गेलो.

सकाळी ऑनलाइन उपासनेत पाळकसाहेब वचन वाचायला उभे राहिले. दोन ओळी वाचल्या आणि थांबले. स्क्रीनवर नुसता पंखा फिरताना दिसत होता. मग त्यांची मुलगी पुढे आली, तिने प्रभूची प्रार्थना म्हटली आणि लाइव्ह बंद केलं.

त्या आठवड्यात काका वही घेऊन चर्चच्या ओट्यावर येऊन बसले. ज्याला बघायची त्याने बघा. एकूण आले होते 1 लाख 84 हजार 350 रुपये. एकेका रुपयाची नोंद. वीजबिल, गुरवासारखं काम करणाऱ्या आमच्या चर्चसेवकाचा पगार, 37 घरांना किराणा. आणि पाळकसाहेबांच्या मानधनापुढे तीन महिने शून्य. त्यांनीच काकांना सांगितलं होतं, आधी हातावर पोट असलेल्यांना द्या, माझं नंतर बघू. कोणाला सांगू नका म्हणाले होते, म्हणून काकांनी सांगितलं नव्हतं.

लोक मला विचारतात, मग तुझा प्रश्न चुकीचा होता का? नाही. इथे मी आजही ठाम आहे. मंडळीचा पैसा खासगी खात्यावर घेणं चूकच, माणूस कितीही सरळ असला तरी. उद्या काकांना काही झालं असतं तर तो पैसा त्यांच्या वारसांचा झाला असता. पण तो प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला नव्हता, जिथे मी स्वतः हो म्हटलं होतं. काकांना फोन केला नव्हता. पाळकसाहेबांना विचारलं नव्हतं. 212 लोकांसमोर विचारला, आणि तोही अशा ठिकाणी जिथे उत्तर द्यायला वही उघडून दाखवता येत नाही.

जानेवारीत चौदा घरं वेगळी झाली. एका घराच्या गच्चीवर पत्र्याखाली त्यांची प्रार्थनासभा सुरू झाली. त्यांच्यात माझा सख्खा मामा.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते बोलायला अजून जड जातं. एप्रिल-मे 2021, दुसरी लाट. आमच्या मंडळीत पाच आठवड्यांत नऊ माणसं गेली. पाळकसाहेबांनी पीपीई किट घालून नऊच्या नऊ दफनं केली, बऱ्याचदा सोबत फक्त नगरपालिकेची माणसं. त्यात तिघं गच्चीवरच्या चौदा घरांतली होती. त्या घरांनी निरोप पाठवलाच नव्हता, कोणत्या तोंडाने पाठवणार. पाळकसाहेब स्वतःहून गेले. माझ्या मामीला त्यांनीच माती दिली.

जूनमध्ये ते चक्कर येऊन पडले. साखर 400 च्या वर. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची सुट्टी कधी घेतली? पाळकीणबाईंना आठवेना. मलाही आठवेना, आणि मी कमिटीत होतो.

आपण बोलत नाही तो मुद्दा हाच आहे. पाळकाची सुट्टी कुठे लिहिलेली असते? रविवारी सगळ्यांना सुट्टी तेव्हा त्याचं काम. आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, पाळक तर घरीच असतो. पाळकगृह चर्चच्या आवारात, म्हणजे दाराला कडी असून नसल्यासारखी. रात्री अकराला नवरा-बायकोचं भांडण घेऊन लोक येतात. मुलगी कोणाबरोबर बोलते, मुलगा उपासनेत टी-शर्ट का घालतो, सगळ्या गावाचं लक्ष. आणि बदली झाली की घरही जातं. तीस वर्षं दुसऱ्याच्या घरात राहून निवृत्त झालेल्या पाळकाने राहायचं कुठे, हा प्रश्न तुमच्या कमिटीच्या अजेंड्यावर कधी आलाय का? आमच्या नव्हता आला.

निर्गममधला अठरावा अध्याय काढून बघा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला असतो, आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन त्याला सांगतो की असं करशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि अवघड तेवढंच स्वतःकडे घे. मला गंमत ही वाटते की हे सांगायला घरातलाच माणूस लागला, तोही पाहुणा आलेला. छावणीतल्या कोणाला ते दिसलं नव्हतं, कारण त्यांची कामं होत होती.

आम्ही मग 140 घरांचे अकरा गट केले, गल्लीप्रमाणे. प्रत्येक गटाला दोन माणसं, त्यात एक बाई हवीच. आजारी कोण, कोणाच्या घरी वाद, कोणाची फी राहिली, हे आधी त्यांनी बघायचं. सोमवारी पाळकांना फोन करायचा नाही, मरण सोडून. हे शेवटचं पाळायला लोकांना वर्ष लागलं. एक आजी सोमवारी फोन करून म्हणायच्या, "आज तुमची सुट्टी ना, मग निवांत बोलता येईल."

"एक बाई हवीच" यावर कमिटीत सगळ्यात जास्त वाद झाला. म्हणून थोडं त्याबद्दल. मंडळीत उपासनेला निम्म्याहून जास्त बायका, स्वयंपाकाला सगळ्या बायका, आणि निर्णयाच्या टेबलावर दोन. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं, आणि आमच्याकडे गल्लीच्या गटात बाई नेमायची का यावर दोन मीटिंगा गेल्या. पण नेमल्यावर काय झालं? सहा महिन्यांत अशा गोष्टी पुढे आल्या ज्या पाळकसाहेबांना वीस वर्षांत कोणी सांगितल्या नसत्या. मारहाण. लग्नाचा दबाव. एका लहान मुलीच्या बाबतीत नातेवाइकाने केलेला प्रकार.

ही शेवटची गोष्ट आली तेव्हा आमच्यातले दोन ज्येष्ठ म्हणाले, घरातलं आहे, पाळकांनी दोन्हीकडच्यांना बसवून मिटवावं, क्षमा शिकवावी. तरुण श्रोत्यांनो, हे नीट ऐका. 2012 चा पॉक्सो कायदा आहे, त्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक असो, शिक्षक असो, पंच असो. चर्चमध्ये बसून मिटवण्याचा तो विषयच नाही. पाळकसाहेब त्या मुलीच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले. त्यावरून एका कुटुंबाने अर्पण देणं बंद केलं. करू दे.

दुसरा एक अवघड विषय आहे, दाखल्याचा. आपल्यातल्या बऱ्याच घरांचे पूर्वज महार-मांग समाजातले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. मग पोरगा पाळकांकडे येतो आणि विचारतो, "बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात माझं नाव घालू नका, चालेल का? पुढे शिष्यवृत्तीला अडचण येते." काय सांगणार पाळक? नाव घातलं तर पोराचं शिक्षण, नाही घातलं तर रजिस्टर खोटं. मी तीन पाळकांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एकाने सरळ सांगितलं की मी खोटं लिहीत नाही, पण बाप्तिस्मा कधी घ्यायचा हे तुझ्यावर सोडतो. मला ते उत्तर पटलं, पण त्या पोराच्या जागी मी असतो तर पटलं असतं का, सांगता येत नाही.

गाण्यांचा वाद तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी फार जात नाही. म्हाताऱ्यांना उपासना संगीतातली गाणी पेटीवर हवीत, पोरांना यूट्यूबवरची हिंदी गाणी गिटारवर. शहरात तर मराठी उपासनेला म्हातारे आणि इंग्रजी उपासनेला त्यांची नातवंडं. आमच्याकडे पाळकसाहेबांनी एक युक्ती केली. तरुणसंघाला सांगितलं, तुमचं एक गाणं घ्या, पण त्याआधी आजोबांकडून एक जुनं गाणं चालीसकट शिकून या. आता आमचा ड्रम वाजवणारा पोरगा टिळकांची भजनं पाठ म्हणतो, आणि आजोबा तक्रार करतात की तो लय फार वाढवतो. तक्रार चालू आहे म्हणजे येणं-जाणं चालू आहे.

हिशोबाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. चेंज रिपोर्टची हरकत 2022 मध्ये मागे घेतली गेली. ज्यांनी 2011 ला ती घेतली होती, त्यांच्या मुलाने, वडील गेल्यावर. कोणी त्याला समजावलं नव्हतं. पाळकसाहेबांनी त्याच्या वडिलांना माती दिली होती एवढंच. खातं सुरू झालं, ट्रस्टच्या नावाचा क्यूआर कोड आला. दर रविवारी अर्पण तीन वेगवेगळ्या घरांची माणसं मोजतात, तिघं सही करतात, आणि महिन्याचा हिशोब चर्चच्या बाहेर फळ्यावर खडूने लिहिला जातो. खडूनेच. व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही, हा माझा ठराव होता आणि तो एकमताने पास झाला. फळ्यासमोर उभं राहून माणूस शेजारच्याला विचारतो, "हे 1,200 कशाचे?" आणि शेजारचा सांगतो. काका आता 74 वर्षांचे आहेत, फळा तेच लिहितात.

चौदापैकी नऊ घरं परत आली. पाच नाही आली. मामा नाही आला. नाताळला घरी येतो, करंज्या खातो, चर्चचा विषय काढत नाही.

तर मित्रा, तरुणसंघाच्या सेक्रेटरी, तुझा प्रश्न. पाळक बदलला तर कमिटी तीच राहील, कमिटी बदलली तर पाळक तोच राहील, आणि शेड्यूल वनवर नावं कोणाची आहेत हे दोन्ही गटांना माहीत नसण्याची शक्यता दाट आहे. मी तुझ्या जागी असतो तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसमधून तो उतारा काढला असता. अर्ज करून मिळतो. मग दोन्हीकडच्या एकेका माणसाला वेगवेगळं भेटून विचारलं असतं, नक्की कशाचा राग आहे. बहुतेक वेळा राग दहा वर्षांपूर्वीचा निघतो आणि पाळकाला आलेली दोनच वर्षं झालेली असतात. आणि पाळकांकडे जा. काम घेऊन जाऊ नकोस. त्यांना विचार, जेवलात का. ग्रुपवर काही लिहिलं असशील तर ते डिलीट करून उपयोग नाही, स्क्रीनशॉट निघालेले असतात. ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याच्या घरी जा. मी काकांच्या घरी सातव्या दिवशी गेलो. काकूंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला, पण माझ्याशी बोलल्या पुढच्या ईस्टरला.

आमच्या पाळकसाहेबांची 2023 मध्ये बदली झाली. आता त्यांच्यानंतरच्या पाळकांचीही झाली. नवीन पाळक या शुक्रवारी येत आहेत, सामानाचा टेम्पो दुपारपर्यंत पोचेल म्हणालेत. दोन लहान मुलं आहेत, त्यांच्या शाळेचं बघायचंय. पाळकगृहाच्या मोरीचा नळ तीन महिने गळतोय, प्लंबर गुरुवारी येणार होता, आत्ताच फोन आला की शुक्रवारी सकाळी येतो. म्हणून मी गुरुवारी रात्रीच गावी निघतोय. पुढचा भाग त्यामुळे एक दिवस उशिरा येईल.